अर्धे शिकंजे

नळ्या दोन खेपांत न्यायच्या असं ठरलं होतं, पण धाकट्या जावेला तेवढा धीर नव्हता. तिने सहाच्या सहा नळ्या एका फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळल्या, गाठोडं छातीशी धरलं आणि रस्त्यावर पाऊल टाकलं. प्रत्येक नळी तीन फूट लांब, तिच्यावर एक सरकता जबडा, सगळं अस्सल लोखंड. रस्त्याच्या मधोमध आल्यावर तिला कळलं की आता टेकवलं तर पुन्हा उचलता येणार नाही. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने मान वर केली. "पडद्यांच्या दांड्या आहेत," ती म्हणाली, आणि त्याने काही विचारलंच नव्हतं हे लक्षात येऊन तिचे कान तापले.

रस्त्याच्या एका बाजूला धाकट्याचं कपाटांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला थोरल्याची दारं-खिडक्यांची सुतारशाळा. मधला रस्ता बावीस पावलांचा. वाटणी झाल्यापासूनच्या सहा वर्षांत दोघा भावांपैकी एकानेही ती बावीस पावलं दुसऱ्यासाठी टाकली नव्हती. त्यांच्या बायका मात्र दिवसातून चारदा येत-जात, पण मागच्या दाराने. घराची अब्रू राखायची तर एवढं करावं लागतं.

थोरली मागच्या दारात उभीच होती. चादरीतलं गाठोडं बघून तिने आवाज खाली आणला. "बाळ झोपलंय का?"

"ताई, हसू नका. माझा खांदा निखळलाय."

"भावोजी?"

"कपाट पोचवायला गेलेत. दहापर्यंत परततील. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या दिसल्या की कुणालाही न विचारता थेट इकडे येतील बघा. सहा वर्षं पाय वळला नाही, आज पळत येतील."

तोच तर बेत होता. फक्त धाकटीचं म्हणणं होतं की तो दुपारी पार पाडावा, कारण थोरलीचा एक नेम होता. सकाळची प्रार्थना झाली की दुपारच्या जेवणापर्यंत ती खोटं बोलत नसे. लग्नाच्या आधीपासूनचा नेम, आजारपणातसुद्धा मोडलेला नाही. जेवणानंतर ती थोडी सवलत घेई, तीही बेताने. कटातला अर्धा माणूस दुपारपर्यंत असा निकामी असताना कट सकाळी कशाला करायचा, हे धाकटीला कालपासून कळत नव्हतं. पण थोरल्याने मागवलेलं रंधा मारायचं मशीन आज चारला यायचं होतं, त्यामुळे इलाज नव्हता.

"तू काळजी करू नकोस," थोरली तिच्या हातातलं एक टोक घेत म्हणाली. "मी खरंच बोलेन. खऱ्याने फसवायला जरा वेळ जास्त लागतो, एवढंच."

*

मागच्या खोलीत, खिडकीपाशी, भिंगरी फळ्या टेकवायच्या दोन लाकडी घोड्यांवर पट्ट्या मांडत होती. थोरल्याची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव आता चोविसाव्या वर्षी चुकीचं ठरलं होतं, कारण गेले तीन महिने ती एकाच गोष्टीला चिकटून होती.

खिडकीपाशी आठ फूट बाय पाच फुटांची मोकळी जागा होती. तिथे आजोबांचं कामाचं बाक असे. त्या बाकाला वाळवी लागली, एका सकाळी ते गुडघे टेकल्यासारखं खाली बसलं, आणि तेव्हापासून जागा रिकामी होती. भिंगरी आजोबांकडून काम शिकली होती. खुर्च्यांचे सांधे, खण, पेट्या, जे बारीक असेल ते ती करी, आणि करी कुठे, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर. टेबलाच्या कडेला करवतीचे सतरा दाते उमटले होते. घरचे त्यांना चुकवून ताटं ठेवत. तिने जागा मागितली होती. थोरला नाही म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता की मशीन आलं की हाताने रंधा मारायचाच नाही, मग तुला वेगळं बाक कशाला. मशीन खिडकीपाशी बसणार होतं.

त्याच सुमारास मुलींच्या शाळेची जुनी इमारत पाडत होते. तिथून भिंगरीने जिन्याच्या नऊ पायऱ्या मिळवल्या. सहा-सहा फूट लांब, सागवानी, साठ वर्षं पोरींनी वर-खाली पळून मधोमध खळगे पाडलेल्या. दोघी जावा त्याच शाळेत शिकलेल्या. थोरलीचं म्हणणं, खळगे धाकटीने पाडले. धाकटीचं म्हणणं, ताई अभ्यासात मागे होत्या म्हणून त्यांची ये-जा दोन वर्षं जास्त झाली. यावर त्यांचं आठवडाभर चाललं होतं.

पायऱ्या तशाच आडव्या जोडून भागत नाही. कामाच्या बाकाचा फळा जाड हवा, हातोड्याखाली नाचता कामा नये. म्हणून भिंगरीने लोहचुंबक फिरवून त्यातले त्रेचाळीस खिळे काढले, पायऱ्या उभ्या चिरल्या, खळग्याच्या तळापर्यंत रंधा मारत सपाट केल्या, आणि त्यातल्या चांगल्या सोळा पट्ट्या निवडल्या. आता त्या कुशीवर उभ्या करून, पुस्तकाच्या पानांसारख्या एकीला एक लावून, सरस घालून आवळायच्या. आवळायला शिकंजे हवेत. घरात लांब शिकंजे होते सहा.

म्हणजे, होते आणि नव्हते.

असा शिकंजा दोन तुकड्यांचा असतो. एक नळी, तिच्यावर मागेपुढे सरकणारा जबडा. आणि नळीच्या टोकाला चुडीवर, म्हणजे कोरलेल्या पिळावर, बसणारा दुसरा जबडा, ज्याच्यातून आवळायचा आटा जातो. दोन्ही एकत्र आले तर ते लाकूड धरतात. वाटणीच्या दिवशी मिस्त्रींनी, म्हणजे आजोबांनी (त्यांना सगळं गाव मिस्त्री म्हणे, आणि त्यांचे मुलगेही), सगळ्या हत्यारांचे दोन ढीग केले होते, वर कापड टाकलं होतं आणि मुलांना एकेक उचलायला सांगितलं होतं. आपापल्या घरी कापड काढल्यावर थोरल्याला सहा आट्याचे जबडे मिळाले आणि धाकट्याला सहा नळ्या. एकाकडे सहा डोकी, दुसऱ्याकडे सहा धडं. दोघांनीही तोंडातून अक्षर काढलं नाही. वडिलांचं वय झालंय, त्यांची चूक त्यांना दाखवून कशाला दुखवायचं, असं दोघांनी वेगवेगळं ठरवलं. शिवाय दुसऱ्याला गरज पडली की तो येईलच मागायला, असंही दोघांनी वेगवेगळं ठरवलं. नवे शिकंजे विकत आणणं म्हणजे हार. तेव्हापासून थोरला दारं आणि धाकटा कपाटं दोऱ्या आणि पाचरींवर आवळत होता.

"आजोबा, उठा ना. खाटेखालच्या शेवटच्या चार राहिल्यात," भिंगरी म्हणाली.

मिस्त्री खाटेवरून उठले. तीन महिने ते खाली लपवलेल्या या पट्ट्यांवर झोपत होते आणि कुणी खाटेखाली वाकलं की त्यांना खोकला येत असे. आज खोकला नव्हता. ते भिंतीशी स्टुलावर जाऊन बसले आणि हातातली काठी आडवी धरून फक्त पाहत राहिले.

*

थोरला पेन्सिल शोधत आत आला तेव्हा पावणेदहा झाले होते. समोरच्या कामाच्या खोलीत त्याच्यापाशी तीन पेन्सिली होत्या, त्यातली एक कानावर, पण मागच्या खोलीतून बायकांचं हसणं ऐकू आलं की त्याला पेन्सिल लागत असे. धाकटी दाराच्या मागे सरकली, चादरीसकट.

घोड्यांवर सोळा पट्ट्या बघून त्याने बायकोला विचारलं, हे काय चाललंय. थोरली म्हणाली, मिस्त्रींच्या खाटेखालची लाकडं बाहेर काढली. ते खरं होतं. मग अशी ओळीने का मांडलीत, त्याने विचारलं. थोरली म्हणाली, किती आहेत ते बघायला, सोळा भरली. तेही खरं होतं. थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं की चारला मशीन येतंय, तोवर इथलं सगळं हललं पाहिजे.

"चारला इथे काय असेल ते तुम्हाला दिसेलच," थोरली म्हणाली. मग तिने जरा थांबून विचारलं, "आज शनिवार. आट्यांना तेल द्यायचं असेल ना? तुमच्या पेटीची किल्ली मी घेतलीय."

थोरल्याला हे आवडलं. गेली सहा वर्षं दर शनिवारी तो ते सहा जबडे पेटीतून काढी, आटे पूर्ण उघडी, फडक्याने पुसून तेल देई आणि परत मिटवून ठेवी. ज्या वस्तूचा काही उपयोग नाही तिची एवढी निगा राखणारा माणूस हट्टी म्हणावा की श्रद्धाळू, हे थोरलीने कधी ठरवलं नव्हतं. त्याने मान डोलावली आणि पेन्सिल न घेताच गेला. दुपारच्या आत बायको खोटं बोलत नाही, या भरवशावर तो इतकी वर्षं निवांत होता. ती काय बोलत नाही याचा हिशोब त्याने कधी केलाच नव्हता.

धाकटी दारामागून बाहेर आली. "ताई, तुमच्या खरेपणाची मला भीती वाटायला लागली."

"चादर सोड," थोरली म्हणाली. "दहाला दहा कमी आहेत."

*

आता जे करायचं ते भिंगरीचं होतं. जुनं सागवान तेलकट असतं, सरस नुसता लावला तर धरत नाही. तिने स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं प्रत्येक पट्टीवरून फिरवलं. खोलीत दवाखान्यासारखा वास भरला. मग तिने सरसाचा डबा उघडला.

शहाणा सुतार सोळा पट्ट्या एकदम कधीच चिकटवत नाही. आठ आज, आठ उद्या, मग दोन्ही जोडायच्या. आठांना तीन शिकंजे, चार हात आणि सावकाश काम पुरतं. पण सावकाश काम झालं तर बाबा चहा पिऊन येतील, काका नळ्या उचलून जातील, आणि चार वाजतील. म्हणून तिने सोळाच्या सोळा मांडल्या होत्या. एकदा सरस लागला की पंधरा मिनिटं. त्यानंतर पट्ट्या हलवल्या तर सांधा फुटका, आणि तीन महिन्यांचं लाकूड जळणात.

बाहेर धाकट्याची गाडी थांबली. तिघींनी ऐकलं. दुकानाचं शटर वर गेलं. मग काही वेळ काहीच नाही. मग शटर तसंच उघडं टाकून चालल्याचा आवाज, रस्त्यावरून, भराभर.

"लाव," थोरली म्हणाली.

भिंगरीने ब्रश बुडवला.

धाकटा मागच्या दाराने आला नाही. तो पुढच्या दाराने, थोरल्याच्या समोरून, त्याच्याकडे न बघता थेट आत आला. त्यामुळे थोरलाही हातातला काटकोन तपासायचा गुण्या तसाच धरून त्याच्या मागोमाग आला. दोघे भाऊ एकाच दारातून एकापाठोपाठ आत शिरले हे बघून मिस्त्रींनी काठी मांडीवर ठेवली.

धाकट्याने बायकोला विचारलं की आपल्या नळ्या या घरात कशा. धाकटी म्हणाली, मी आणल्या. थोरल्याने बायकोला विचारलं की आपल्या पेटीतले आटे जमिनीवर कसे. थोरली म्हणाली, मी काढले, तेल तुम्ही दिलेलंच होतं. धाकट्याने भिंतीकडे बघत विचारलं की या घरात दुसऱ्याच्या वस्तूला विचारून हात लावायची रीत कधी होती का. थोरल्याने छताकडे बघत उत्तर दिलं की ज्यांना रीतीची एवढी काळजी त्यांनी पुढच्या दाराने येताना पायपुसणं वापरावं. एवढं सगळं होईपर्यंत भिंगरीने शेवटच्या पट्टीलाही सरस लावला होता.

ती मान वर न करता म्हणाली, "भांडा. पण सरस लावलाय. आठ मिनिटं गेली, सात राहिली."

दोघांनी प्रथमच घोड्यांकडे पाहिलं. ओल्या, पांढुरक्या सरसाने चमकणाऱ्या सोळा पट्ट्या, आणि शेजारी जमिनीवर सहा डोकी आणि सहा धडं.

"सोळा एकदम?" धाकटा म्हणाला. "डोकं फिरलंय का हिचं?"

"कुणी शिकवलं हे?" थोरला म्हणाला.

"साडेसहा," भिंगरी म्हणाली.

सुताराला सरस वाळताना नुसता बघत राहता येत नाही. रागावलेल्या सुतारालाही नाही. धाकटा खाली वाकला, त्याने एक नळी उचलली, जबडा सरकवून पाहिला. थोरल्याने गुण्या कमरेला खोचला आणि एक आटा उचलून त्याच्यासमोर धरला, त्याच्याकडे न बघता. चुडी चुडीत बसली. दोन फेऱ्यांत घट्ट. सहा वर्षं एका घरात तेल मिळालेलं आणि दुसऱ्या घरात पुसून ठेवलेलं लोखंड, कसलीही कुरकुर न करता फिरलं. थोरल्याच्या भुवया किंचित वर गेल्या. नळीवर गंजाचा ठिपका नव्हता. म्हणजे तिकडेही कुणीतरी शनिवार पाळत होतं.

मग बोलायला वेळच नव्हता. तीन शिकंजे खालून, तीन वरून, म्हणजे फळा कुठल्याच बाजूला कमान घेणार नाही. नळीच्या एका टोकाला थोरला, दुसऱ्याला धाकटा. ते अजूनही एकमेकांशी बोलत नव्हते, पण भिंगरीमार्फत सूचना धडाधड जात होत्या. त्यांना म्हणावं मधला आधी. त्यांना म्हणावं ते मला माहीत आहे. त्यांना म्हणावं अर्धा फेरा, अख्खा नाही. भिंगरी एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे मान फिरवत राहिली, आणि लवकरच लक्षात आलं की ती काही सांगायच्या आधीच ते झालेलं असतं. तिने सांगणं सोडून दिलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चौथा शिकंजा आवळताना सातवी पट्टी सरसावरून घसरून बोटभर वर आली. थोरला तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून वरून दाबू लागला, आणि ठोकळा सरकला तसं त्याचं बोट फटीत गेलं. धाकट्याच्या हातात आट्याचा दांडा फिरत होता.

"दादा, बोट."

थोरल्याने बोट काढलं. धाकट्याने दांडा थांबवला. सहा वर्षांत तो शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता, आणि ज्याने उच्चारला त्याचाच चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"एक मिनिट," भिंगरी म्हणाली. ते मिनिट खरं तर कधीच संपलं होतं, पण खोटं न बोलण्याचा नेम तिचा नव्हता.

थोरल्याने ठोकळा पुन्हा ठेवला आणि हातोड्याने दोन ठोके दिले. पट्टी बसली. पाचवा शिकंजा, मग सहावा. प्रत्येक सांध्यातून सरसाचे थेंब एका रेषेत बाहेर आले, मण्यांसारखे, सगळीकडे सारखे. सारखे आले म्हणजे दाब सारखा. दोघे भाऊ वाकून आपापल्या बाजूचे थेंब न्याहाळत राहिले, मग जागा बदलून एकमेकांच्या बाजूचे.

*

आधी कुणीतरी बोलायला हवं होतं. थोरला ओल्या फडक्याने थेंब पुसत बोलला, जसं काही लाकडालाच सांगतोय. वाटणीच्या वेळी ती चूक झाली नसती तर हे सगळं इतकं आडमार्गाने करावं लागलं नसतं.

"चूक?" भिंतीकडून आवाज आला. "कुणाची चूक?"

दोघेही एकदम मिस्त्रींकडे वळले, आणि दोघांनीही एकदम सांभाळून घेतलं. थोरला म्हणाला, जाऊ द्या मिस्त्री, त्या दिवशी तुमची तब्येत बरी नव्हती. धाकटा म्हणाला, आम्ही मनावर घेतलं नाही, वय झालं की होतं असं.

मिस्त्री स्टुलावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला आणि त्यामुळे ते जास्तच रागावलेले दिसले.

"मी सहा शिकंजे उघडले," ते म्हणाले. "एकेक आटा फिरवून काढला. चूक एकदा होते रे. सहादा हात फिरवून होते का? मी काय हत्यार न ओळखणारा माणूस आहे?"

"म्हणजे मुद्दाम?" धाकटा म्हणाला.

"मग काय. एकाला दारं जोडायची, एकाला कपाटं. जाताय कुठे. मला वाटलं आठ दिवस. फार तर पंधरा. एक जण येईल दुसऱ्याच्या दारात."

"मिस्त्री, सहा वर्षं झाली."

"ते मला मोजता येतं."

"सहा वर्षं मी दोऱ्यांवर कपाटं आवळली," धाकटा म्हणाला.

"आणि मी दारं," थोरला म्हणाला. "दमट हवेत दोरी सैल पडते."

"पडते. आणि वरचा सांधा उघडतो."

"वरचाच. मी पाचर ठोकून बघितली."

"पाचर ठोकली की कड फुटते."

"फुटते ना."

धाकटीने थोरलीला कोपराने ढोसलं. थोरलीने तिचा हात दाबून धरला, हलू नकोस म्हणून. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहून दोरीबद्दल बोलत होते आणि मधे भिंगरी नव्हती. मग दोघांना एकदम आठवलं की रागवायचं कुणावर आहे, आणि ते खांद्याला खांदा लावून वडिलांकडे वळले. थोरला म्हणाला, निदान सांगायचं तरी. धाकटा म्हणाला, हो, एवढं तरी.

"तुम्ही विचारायचं तरी," मिस्त्री म्हणाले. "मी रोज वाट बघत होतो. एक तरी येऊन म्हणेल, मिस्त्री, हे काय केलंत. पण तुम्ही दोघं एवढे गुणी. बापाचं मन राखत बसलात."

मिस्त्री परत बसले. त्यांचे ओठ हलत होते, रागाने की हसू आवरण्यासाठी ते दाढीमुळे कळत नव्हतं.

धाकट्याने हात पुसले आणि निघायच्या बेताने सांगितलं की नळ्या उद्या सकाळी सुटल्यावर पाठवून द्या. थोरल्यालाही आपलं मशीन आठवलं. तो म्हणाला, उद्या कशाला, हे सगळं आत्ताच उचलून मागच्या पडवीत ठेवू, चारला मशीन येतंय.

"ओला फळा हलवणार?" धाकटा म्हणाला. "पीळ भरेल. आणि मशीन कसलं?"

उत्तर धाकटीने दिलं, मोठ्या तत्परतेने. रंधा मारायचं मशीन. इथे, खिडकीत.

धाकटा भावाकडे बघत राहिला. "माझ्याकडे आहे की. अर्धा दिवस झाकून पडलेलं असतं."

"माहीत आहे," थोरला म्हणाला.

"मग दुसरं कशाला?"

थोरल्याने फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "तुझ्याकडे यावं लागलं असतं," तो म्हणाला.

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. थोरल्याला आता कुणाकडे तरी बघायला हवं होतं, म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं आणि विचारलं की हे सगळं तुला आधीपासून माहीत होतं का. अजून बारा वाजायचे होते. थोरली म्हणाली, हो. नळ्यांचं? हो. सोळा एकदम लावणार याचं? हो, सोळा भरली म्हणून सांगितलं की तुम्हाला. आणखी काही आहे का, त्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला पस्तावा झाला.

"आहे," थोरली म्हणाली. "ते तीच सांगेल."

भिंगरी ब्रश धूत होती. तिने पाणी झटकलं, ब्रश उभा करून ठेवला आणि वडिलांसमोर आली. रात्रभर तिने बरंच काही जुळवून ठेवलं होतं, आजोबांचं नाव, तीन महिन्यांची मेहनत, टेबलावरचे सतरा दाते. त्यातलं काहीच आलं नाही.

"बाबा, मला खिडकीची जागा हवी," ती म्हणाली. "मशीनला उजेड लागत नाही. मला लागतो."

थोरला फळ्याच्या डोक्याशी गेला, एक डोळा मिटून त्याच्यावरून आरपार पाहिलं. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तसंच पाहिलं. कुठेतरी पीळ सापडावा असं त्याला मनापासून वाटत असावं, कारण तो तिसऱ्यांदाही वाकला. मग त्याने गुण्या कमरेतून काढून आडवा टेकवला, त्याच्याखालून उजेड येतो का बघितलं. आलेला उजेड केसाएवढा होता. तो गुण्या त्याने फळ्यावरच ठेवून दिला.

"उंची किती धरलीस?" त्याने विचारलं.

भिंगरी म्हणाली, तेहेतीस इंच, आजोबांच्या बाकाएवढी.

"मिस्त्रींच्या मापाने तू काम करणार? चार दिवसांत पाठ जाईल." त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि टेप उघडला. "बाकाची उंची ज्याची त्याची असते. हात सरळ खाली सोड. मनगट वाकव. हां, तिथपर्यंत. ताठ उभी राहा. आणि चपला काढ."

तिने चपला काढल्या.

"काढायच्या कशाला?" धाकटा मधे आला. "काम काय अनवाणी करणार आहे? पायावर पटाशी पडली म्हणजे? चपला घाल गं."

तिने एक घातली.

"माप नेहमी अनवाणी घेतात," थोरला म्हणाला. "चपला झिजतात. माणूस तेवढाच राहतो."

"दादा, चपला झिजल्या तर नव्या आणता येतात. बाकाचे पाय वाढवता येत नाहीत."

"खाली फळी टाकता येते."

"फळीवर बाक नाचतं. तुला सगळी दारंच वाटतात."

"आणि तुला सगळी कपाटं. कपाटासमोर माणूस दिवसभर उभा राहतो का?"

मिस्त्रींनी स्टूल थोडं जवळ ओढलं. धाकटी खाली बसून चादरीची घडी घालू लागली, आणि तिला ती घडी काही केल्या नीट जमेना. थोरल्याने टेपचं टोक बोटाने जमिनीवर दाबून धरलं होतं. धाकटा वरचं टोक मनगटाशी धरून वाकला होता आणि आकडा वाचायला तयार नव्हता. थोरला मान न वळवता बायकोला म्हणाला, त्या मशीनवाल्याला फोन कर, म्हणावं जागा रिकामी नाही. थोरली उठली. हे तिला अगदी निर्धास्तपणे सांगता येणार होतं.

"हलू नकोस," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

भिंगरी हलली नाही. खिडकीतून आलेला उजेड आवळलेल्या फळ्यावर आणि तिच्या खाली सोडलेल्या हातावर पडला होता, आणि ती एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशी, दोघांचं भांडण मिटेपर्यंत ताठ उभी राहिली.